तलवारीआधीचा राजकुमार
एका गाजलेल्या व्हिडिओ गेमचे आद्यरूप आणि बाजारात आलेले रूप यांतील अंतर

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव घेतले की एका विशिष्ट पिढीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : अंधारकोठडीच्या फरशांवरून धावणारा पांढऱ्या कपड्यांतील तरुण, समोर फेटेवाला पहारेकरी आणि दोघांच्या उपसलेल्या तलवारी. नव्वदच्या दशकात संगणकाच्या शिकवणीला गेलेल्या आपल्याकडील कित्येकांनी डॉसच्या आज्ञा पाठ करण्याऐवजी आपला वेळ याच तळघरात घालवला. टोकदार सळ्यांवर पडून राजकुमार मेला की मागे उभा असलेला मित्र हळहळायचा आणि आपला डाव मागायचा.

या चित्रातील तलवार मूळ आराखड्यात नव्हती. पहारेकरीही नव्हते. जॉर्डन मेक्नर या तरुणाने १९८५ मध्ये जो खेळ रचायला घेतला, त्याचा नायक नि:शस्त्र होता आणि तसाच राहावा ही रचनाकाराची इच्छा होती. १९८९ मध्ये प्रत्यक्ष बाजारात आलेला खेळ मात्र द्वंद्वयुद्धांसाठी ओळखला गेला. हा बदल कसा घडला, याचे उत्तर संगणकाच्या स्मृतीत, अर्थात मेमरीत जागा उरली नव्हती, या एका कोरड्या तांत्रिक अडचणीत दडलेले आहे.

प्रत्येक व्हिडिओ गेमला प्रकाशनापूर्वी एक किंवा अनेक आद्यरूपे असतात. इंग्रजीत ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, ते म्हणजे खेळाचा चालता-बोलता कच्चा खर्डा. वृत्तपत्राच्या कामात पहिला खर्डा आणि छापून आलेले पान यांतले अंतर बहुधा काटछाटीचे असते. परिच्छेद जातात, विशेषणे गळतात, मजकूर जागेत बसतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीतही सहसा असेच घडते. आद्यरूपात दिसलेले टप्पे, शत्रू, संगीताचे तुकडे अंतिम प्रतीत नाहीसे होतात आणि जुन्या खेळांचे अभ्यासक पुढे वर्षानुवर्षे ते हुडकत बसतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे प्रकरण याहून निराळे आहे. येथे जागेच्या टंचाईने खेळातून काही काढून घेतले नाही, उलट त्याला एक नवे पात्र दिले. आणि ते पात्र संपूर्ण कथेचा अर्थ बदलून गेले.

मोटारतळावरील धाव

मेक्नर तेव्हा येल विद्यापीठातून नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडले होते. विद्यार्थिदशेतच त्यांनी रचलेला ‘कराटेका’ हा खेळ ब्रॉडरबंड या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९८४ मध्ये प्रकाशित केला होता आणि तो चांगला चालला होता. नावावरून कळते तसा तो मारामारीचा खेळ होता. दुसऱ्या खेळात ते सारे नको, असे त्यांच्या मनात होते. अरबी सुरस कथांचे वातावरण, भुयारे, सरकते दरवाजे, पायाखाली ढासळणाऱ्या फरशा, आणि या सापळ्यांतून केवळ चपळाईने व बुद्धीने वाट काढणारा माणूस, असा त्यांचा बेत होता. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाची पहिली दहा मिनिटे, ज्यात नायक एका प्राचीन मंदिरातील सापळे चुकवत पळतो, हा त्यांच्यापुढील आदर्श होता. त्या दहा मिनिटांत नायक जो थरार निर्माण करतो, तो मारून नव्हे, निसटून.

असा खेळ उभा राहायचा तर नायकाची हालचाल खरी वाटली पाहिजे. उंचावरून उडी मारणारी आकृती चिंध्यांच्या बाहुलीसारखी दिसली, तर ती पडेल याची धास्ती कुणाला वाटणार? १९८५ च्या शरद ऋतूत मेक्नर यांनी न्यू यॉर्कजवळच्या चॅपाक्वा या गावी एका मोटारतळावर आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला सैलसर पांढरे कपडे घालून पळायला लावले. तो धावला, उड्या मारल्या, कठड्याला लोंबकळून वर चढला. हे सारे व्हीएचएस कॅमेऱ्याने टिपले गेले.

पुढची प्रक्रिया आज वाचताना दमछाक होते. टीव्हीवर फीत चालवायची, एका क्षणी थांबवायची, पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढायचे, पुढच्या क्षणी पुन्हा तेच. रीळ धुऊन छापील छायाचित्रे आणायची. त्यांतील भावाची आकृती काळ्या शाईने आणि पांढऱ्या खोडद्रवाने अशी रंगवायची की माणूस आणि पार्श्वभूमी स्पष्ट वेगळी व्हावी. त्याची झेरॉक्स काढायची, ती कॅमेऱ्याद्वारे संगणकात घ्यायची, आणि मग एकेक ठिपका हाताने साफ करायचा. चित्रपटातील माणसावरून चित्रे गिरवण्याच्या या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. कार्टूनपटांच्या जगात मॅक्स फ्लायशर यांनी ते पहिल्या महायुद्धाच्या काळातच वापरात आणले होते. मेक्नर यांनी ‘कराटेका’साठीही ते वापरले होते, तेव्हा कॅमेऱ्यापुढे त्यांचे कराटेचे शिक्षक आणि वडील होते. परंतु घरगुती संगणकावर इतकी ओघवती मानवी हालचाल ‘प्रिन्स’पूर्वी क्वचितच कुणी पाहिली होती.

सुंदर, पण रिकामे

ब्रॉडरबंडच्या कचेरीत मेक्नर यांना बसायला जागा मिळाली. ते पगारी नोकर नव्हते, विक्रीवर मानधन घेणारे लेखक होते. तेथे हळूहळू आद्यरूप आकाराला आले. त्यात राजकुमार धावत होता, घसरत थांबत होता, अखेरच्या क्षणी कठड्याला बोटे अडकवून लोंबकळत होता. धावणारा माणूस जागच्या जागी थांबत नाही, दोन पावले पुढे जातो. तसाच तोही जात होता. ही दोन पावले किती महत्त्वाची, हे खेळणाऱ्याला दरीच्या काठावर कळते. अंतिम खेळात आपण जे शरीर चालवतो, ते जवळजवळ जसेच्या तसे या आद्यरूपात होते. (हा ‘राजकुमार’ कथेत मुळी राजकुमार नाहीच. तो परमुलुखातून आलेला एक अनोळखी तरुण आहे. शीर्षकाने बहाल केलेली पदवी त्याला मिळालीच, तर खेळ संपल्यावर मिळणार.)

मग उणीव कशाची होती? मेक्नर यांनी त्या काळात लिहिलेल्या रोजनिशा पुढे प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांतून आणि त्यांच्या नंतरच्या व्याख्यानांतून जे चित्र दिसते ते असे : पाहणारा प्रत्येकजण हालचालींवर खूश व्हायचा आणि थोड्या वेळाने कंटाळायचा. सापळा हा निर्जीव असतो. त्याची लय एकदा कळली की त्याची भीती संपते. भिंतीतून झपकन मिटणारे पोलादी दात आपली वाट पाहत नाहीत, आपल्याला ओळखत नाहीत, आपल्यावर रागावत नाहीत. शेजारी काम करणाऱ्या टोमी पियर्स या सहकारी मैत्रिणीने हे नेमके हेरले होते. तिचा धोशा एकच असे : लढाई हवी, लढाई हवी, लढाई हवी.

मेक्नर यांचे उत्तर दोन पातळ्यांवरचे होते. एक तर त्यांना लढाई नकोच होती. दुसरे, ती घ्यायची म्हटली तरी ठेवणार कुठे?

टंचाईचा हिशेब

खेळ रचला जात होता तो अ‍ॅपल-२ या संगणकावर. हे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आलेले. त्याच्या गणकाचा वेग सुमारे एक मेगाहर्ट्झ. खेळाची जी प्रत अखेर प्रकाशित झाली, तिला १२८ किलोबाइट मेमरी असलेले अ‍ॅपल लागत असे, आणि त्या कुटुंबातील पुष्कळ यंत्रांत तेवढीही नव्हती. तुलनेसाठी पाहा : आजच्या फोनने काढलेले तीन मेगाबाइटचे एकच छायाचित्र याच्या चोवीसपट जागा घेते.

या चिमुकल्या जागेत आज्ञावली, तळघराच्या भिंती, आवाज आणि नायकाची चित्रे हे सारे कोंबायचे होते. नायकाची हालचाल जितकी ओघवती, तितकी त्याची चित्रे अधिक. म्हणजे खेळाचे जे वैभव होते, त्यानेच दुसऱ्या कुणासाठी जागा शिल्लक ठेवली नव्हती. पहारेकरी आणायचा तर त्याचे चालणे, वार करणे, मागे सरणे, कोसळणे यांची स्वतंत्र चित्रे हवीत. ती ठेवायला खिशात दमडी नव्हती.

या कोंडीतून वाट निघाली ती कचेरीतल्या चर्चेतून. नवे पात्र आणता येत नसेल, तर आहे तेच पात्र दुसऱ्यांदा वापरता येईल का? राजकुमाराचीच चित्रे, राजकुमाराच्याच हालचाली. फक्त दिसायला तो निराळा हवा.

येथे एक छोटी गणिती युक्ती कामी आली. तिचे नाव एक्स-ऑर. समजा, चित्रातील एका ओळीचे ठिपके ० १ १ १ १ १ १ ० असे आहेत. ० म्हणजे काळा, १ म्हणजे उजळ. हीच ओळ एक घर उजवीकडे सरकवली तर ती ० ० १ १ १ १ १ १ अशी होते. आता दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून अंक ताडून पाहायचे. सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. उत्तर येते ० १ ० ० ० ० ० १. म्हणजे मधले भरीव अंग नाहीसे झाले आणि दोन्ही बाजूंच्या कडा तेवढ्या उरल्या. संपूर्ण आकृतीवर हाच प्रयोग केला की माणसाच्या जागी त्याची पोकळ, लुकलुकती बाह्यरेषा दिसू लागते. त्यातच अ‍ॅपल-२ च्या रंगीत पडद्यावर एकटा पडलेला ठिपका शुभ्र न दिसता रंगीत दिसत असे, त्यामुळे ही रेषा अधिकच भुताटकीची वाटे. नवे एकही चित्र साठवावे लागले नाही.

त्या आकृतीचे नाव पडले शॅडो मॅन. आपण तिला छाया म्हणू.

आरशातून आलेला वैरी

छाया पडद्यावर आली तेव्हा ती निव्वळ तंत्राची करामत होती. खरे काम पुढे झाले. ही कोण? नायकासारखीच का दिसते? त्याच्यासारखीच का धावते? तांत्रिक नाइलाजाने पडलेल्या या प्रश्नांना कथेतून उत्तर देणे भाग पडले, आणि ते उत्तर म्हणजे या खेळाचा सर्वांत सुंदर भाग आहे, असे मला वाटते.

चौथ्या टप्प्यात बाहेर पडण्याचे दार उघडून राजकुमार परत वळतो, तर मघा मोकळ्या असलेल्या वाटेत एक उंच आरसा उभा असतो. दुसरा रस्ता नसतो. दुरून धावत येऊन आरशावरच उडी घ्यावी लागते. काच फोडून तो पलीकडे जातो आणि त्याच क्षणी आरशातून त्याचे प्रतिबिंब उलट दिशेने उडी मारून निसटते. राजकुमाराची जीवनशक्ती एका थेंबापुरती उरते. काहीतरी आपल्यातून निघून गेले, हे शब्दाविना कळते. पाचव्या टप्प्यात आपण शक्तिवर्धक रसाच्या कुपीकडे धावतो, तेव्हा छाया आपल्याआधी पोहोचून ती पिऊन टाकते. सहाव्यात दरीपलीकडच्या दारापाशी ती शांतपणे कळीवर पाय ठेवते, दार आपल्या तोंडावर बंद होते आणि आपण खाली कोसळतो. आद्यरूपातील सापळ्यांना आपला राग नव्हता. हिला आहे. सापळ्याला जे कधीच जमले नसते, ते या पोकळ रेषेने केले : खेळणाऱ्याच्या मनात सूडाची भावना जागवली.

आणि मग बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. एव्हाना खेळणारा कित्येक पहारेकऱ्यांना लोळवून आलेला असतो. तो सवयीने वार करतो. वार छायेवर बसतो आणि रक्त आपले सांडते. तिला ठार मारले तर आपणही मरतो. कित्येक मुलांनी या ठिकाणी दिवसचे दिवस डोके आपटून घेतले असेल, कारण उत्तर आतापर्यंत शिकलेल्या साऱ्याच्या उलट आहे. तलवार म्यान करायची. तीही करते. मग दोघांनी एकमेकांकडे चालत जायचे आणि एक व्हायचे. त्यानंतर जिथे जमीन नाही अशा दरीवर पाऊल टाकायचे. पायाखाली एकेक फरशी आपोआप उमटत जाते.

अद्वैताची ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. परंतु ती कुणा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासातून खेळात आली नाही. दुसऱ्या माणसाची चित्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून वैरी आणि नायक एकाच देहाचे झाले. ब्रॉडरबंडच्या त्या यंत्रात आणखी पन्नास किलोबाइट मोकळे असते, तर कदाचित पहिल्याच झटक्यात एक साधा पहारेकरी आला असता आणि आरशाची कुणाला आठवणही झाली नसती.

मग तलवार आली

छायेमुळे खेळात जी चेतना आली, ती पाहून लढाईला असलेला मेक्नर यांचा विरोध मावळला. त्यांनी आपलीच आज्ञावली पुन्हा चाळून, कोपरे झाडून, जागा मोकळी केली आणि पहारेकरी आत आले. आता तलवारबाजीच्या हालचाली हव्या होत्या. पण भाऊ काही तलवारबहाद्दर नव्हता. तेव्हा १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांचे द्वंद्व उपयोगी पडले. त्यात काही सेकंद असे आहेत, की दोघेही एकमेकांसमोर बरोबर बाजूने दिसतात. तेवढ्या तुकड्याची पुन्हा छायाचित्रे, पुन्हा शाई, पुन्हा झेरॉक्स. राजकुमाराचे शरीर असे दोघांचे झाले : धावणे न्यू यॉर्कच्या एका शाळकरी पोराचे, वार हॉलीवूडच्या नटांचे.

आद्यरूपातील नि:शस्त्र नायक पूर्णपणे मात्र गेला नाही. अंतिम खेळातही राजकुमार सुरुवातीला रिकाम्या हातांनीच अंधारकोठडीत पडतो. तलवार आधी शोधावी लागते. द्वंद्वेही तुलनेने थोडी आहेत, प्रत्येक वेळी एकास एक. बाकी वेळ आपण एकटे, पावलांचा आवाज ऐकत, घड्याळाशी झुंजत असतो; कारण वजीर जाफर याने राजकन्येला विवाह किंवा मृत्यू यांतून निवड करण्यास एका तासाची मुदत दिलेली असते आणि तो तास खऱ्या मिनिटांनी सरकतो. पुढे २००३ नंतर याच नावाने जे भव्य खेळ निघाले, त्यांत तलवारीला जो सुकाळ आला, तो येथे नाही. माझ्या मते पहिल्या खेळाचे मोठेपण या काटकसरीत आहे, आणि ती आद्यरूपाची देणगी आहे.

१९८९ मध्ये खेळ प्रकाशित झाला तेव्हा अ‍ॅपल-२ चे दिवस भरत आले होते, आणि विक्री निराशाजनक झाली. मधल्या चार वर्षांत मेक्नर पटकथालेखनाच्या ओढीने काही काळ हे काम बाजूला ठेवून गेले होते. तो काळ वाया गेला नसता तर, अशी चुटपुट कुणालाही वाटेल. परंतु डॉस, जपानी संगणक, मॅकिंटॉश अशा एकेका यंत्रावर नव्या आवृत्त्या निघत गेल्या आणि खेळाने जग पाहिले. आपल्यापर्यंत पोहोचला तो डॉसचा अवतार. त्या यंत्रांत मेमरी अधिक होती, रंग वेगळे होते. तरी छाया तशीच राजकुमाराच्या अंगाची राहिली. गरज संपली होती, पण ती आता गोष्टीचा भाग झाली होती.

हे आपल्याला कळले कसे

अनेक गाजलेल्या खेळांची आद्यरूपे कायमची हरवली आहेत. चुंबकीय तबकडीवरील नोंद कागदावरच्या शाईइतकी टिकत नाही. काही दशकांत ती विरत जाते, आणि ती वाचणारी यंत्रे त्याहून लवकर भंगारात जातात. ‘प्रिन्स’ची हकिकत इतक्या तपशिलाने सांगता येते, कारण मेक्नर यांनी रोजनिशी लिहिली आणि मोटारतळावरील फीत जपली. मूळ आज्ञावली मात्र त्यांच्याकडेही नव्हती. ते सुमारे दहा वर्षे ती शोधत होते.

२०१२ च्या वसंत ऋतूत त्यांचे वडील फ्रान्सिस मेक्नर न्यू यॉर्कच्या घरातील कपाट आवरत होते. ‘कराटेका’ आणि ‘प्रिन्स’ या दोन्ही खेळांचे संगीत रचणारे हेच ते वडील. मागच्या बाजूला सापडलेले मुलाचे जुने सामान त्यांनी एका खोक्यात भरून पाठवून दिले. खोक्यात जुन्या स्पॅनिश आवृत्तीच्या कॅसेटांचे गठ्ठे होते आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या तीन लहान डब्या, साडेतीन इंची तबकड्यांच्या. जुन्या संगणकांचे जाणकार जेसन स्कॉट आणि टोनी डायझ एप्रिल महिन्यात आपली यंत्रे घेऊन मेक्नर यांच्याकडे गेले. तेवीस वर्षांनंतर तबकड्या वाचल्या जातील याची खात्री नव्हती. त्या वाचल्या गेल्या. अ‍ॅपल-२ साठी लिहिलेली ती आज्ञावली त्याच महिन्यात सर्वांसाठी खुली करण्यात आली, आणि राजकुमार त्या अपुऱ्या जागेत कसा मावला, हे आता कुणालाही ओळ न ओळ वाचून पाहता येते.